चार गुणिले चार, उणे वीस

मराठी भाषेत बर्फाचे शब्द कमी आहेत, आणि याचे कारण भाषेच्या दारिद्र्यात नसून महाराष्ट्राच्या हवामानात आहे. सह्याद्रीच्या मुलखात आकाशातून घन स्वरूपात पडणारे पाणी म्हणजे गारा, आणि त्याही वळवाच्या पावसात पाच-दहा मिनिटे, तेवढ्यात पोरांनी वेचून खाल्ल्या तर खाल्ल्या. एरवी बर्फ हा पदार्थ येथे परंपरेने विकत घ्यावा लागतो, तो कारखान्यातून लादीच्या रूपात, लाकडाच्या भुशात लोळवून आणि गोणपाटात गुंडाळून येतो, आणि उसाचा रस, मासळी, काडीवरचा गोळा व लग्नातले मठ्ठ्याचे पिंप यांपलीकडे त्याचा काही उपयोग असल्याचे कोणी मानत नाही. अशा समाजातील काही सुस्थित, नोकरदार आणि एरवी विचारी माणसे ऐन फेब्रुवारीत पुण्याहून सुमारे १,८०० किलोमीटर गाडी हाकत शिमल्याला जातात, आणि तिथून किन्नौरमार्गे आणखी सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर चढून हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात पोहोचतात, जिथे हाच पदार्थ रस्त्यावर फुकट पडलेला असतो आणि तो उचलून बाजूला टाकण्यासाठी सरकारला माणसे व यंत्रे नेमावी लागतात, ही घटना अभ्यासास पात्र आहे यात शंका नाही.

या यात्रेचे मूळ धार्मिक नाही, वैद्यकीयही नाही. ते गाडीतल्या एका दांड्यात आहे. ज्या वाहनात इंजिनाची ताकद दोन चाकांऐवजी चारही चाकांना पोहोचवता येते त्याला 'फोर बाय फोर' म्हणतात, आणि अशा बहुतेक गाड्यांत नेहमीच्या गिअरच्या शेजारी एक दुसरा, आखूड दांडा किंवा त्याच्या जागी एक बटण असते, ज्यायोगे 'लो रेंज' नावाचा अतिमंद पण अतिबलवान गिअर लागतो, म्हणजे गाडी बैलाच्या वेगाने आणि हत्तीच्या जोराने चालते. कोथरूड ते हिंजवडी या मार्गावर बैलाचा वेग आपोआपच मिळत असल्यामुळे या दांड्याला हात लावण्याचा प्रसंग येत नाही, आणि मग पैठणी घेऊन ठेवावी नि वर्षभर घरात लग्नच निघू नये अशी मालकाची अवस्था होते.

"अहो, हा दुसरा दांडा कशाला?" असे पत्नीने पहिल्याच आठवड्यात विचारलेले असते.

"गरज पडली तर असावा."

"आणि कधी पडणार?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पुण्याच्या आसपास टेकड्या, ओढे आणि चिखल पुरेसे आहेत, परंतु तिथे कोणी ओळखीचे भेटण्याची भीती असते, म्हणून हिमालय निवडला जातो. यातील कितीतरी गाड्या, विशेषतः २०२० साली नव्या रूपात आलेली थार, नाशिकच्या कारखान्यात जन्मलेल्या असतात, त्यामुळे गाडी आणि मालक या दोघांनीही बर्फ त्याआधी फक्त रसवंतीत पाहिलेला असतो.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे चार गाड्यांचा एक नमुना ताफा घेतला आहे, ज्यातील माणसे नावाने नव्हे तर कार्याने ओळखावीत. ताफ्याला एक नेते असतात, जे कार्यालयात प्रकल्प सांभाळतात आणि म्हणून बर्फही सांभाळतील असा सर्वांचा समज असतो. एक यादीकार असतात, जे बँकेतून निवृत्त झालेले असून ज्यांच्या यादीत सुईपासून सुईच्या दोऱ्यापर्यंत सर्व काही क्रमांकाने असते. आणि एक तांत्रिक सल्लागार असतात, ज्यांनी बर्फात गाडी चालवण्याचे किमान शंभर व्हिडिओ घरच्या सोफ्यावर पंख्याखाली बसून पाहिलेले असतात. चौथ्या गाडीत एक दाम्पत्य असते, ज्यांना खरे म्हणजे केरळला जायचे होते.

तयारीचा काळ प्रवासाहून दुपटीने मोठा असतो आणि निःसंशय अधिक सुखाचा असतो. ओढायचा दोर, तो अडकवायची लोखंडी कडी, घडीचे फावडे, हवा भरायचा पंप, चाकांना बांधायच्या साखळ्या आणि चार वॉकी-टॉकी यांची खरेदी होते. कपड्यांबाबत 'तीन थरांचा सिद्धान्त' मांडला जातो, ज्यानुसार अंगालगत घाम शोषणारा, मध्ये ऊब धरणारा आणि वर वारा अडवणारा असे तीन कपडे घालायचे असतात, आणि या सिद्धान्तावर बरेच पैसे खर्च झाल्यावर प्रत्येकाची आई न सांगता बॅगेत हाताने विणलेली कानटोपी कोंबते, जी पुढे कामाला येणारी एकमेव वस्तू ठरते. खाद्यपदार्थांत चिवडा, बाकरवडी, मेतकूट आणि बेसनाचे लाडू यांचा साठा असा असतो की वाटेत शत्रूने वेढा घातला तरी दोन महिने तग धरता यावा. निघण्याच्या आदल्या दिवशी चारही गाड्यांच्या मागच्या काचेवर सारखे स्टिकर लावले जातात, त्यावर डोंगराचे चित्र आणि खाली मोठ्या आकड्यांत '४ × ४ − २०' असा मजकूर असतो, म्हणजे गाडीची जात आणि अपेक्षित तापमान. शून्याखाली वीस अंश प्रत्यक्ष अनुभवण्याआधीच ते काचेवर चढलेले असतात.

वॉकी-टॉकीचा शोध बिनतारी संदेशवहनासाठी लागला असला तरी मराठी ताफ्यात त्याचा विनियोग वेगळा होतो.

"ताफा एक बोलतोय. चहाला थांबायचं का? ओव्हर."

"ताफा तीन. आत्ताच झाला की! ओव्हर."

"तो तुमचा झाला. आमचा व्हायचाय. ओव्हर."

राजस्थान पार होईपर्यंत या पलीकडचा एकही संदेश नोंदला जात नाही.

शिमल्याच्या अलीकडे मार्गाविषयी वाद उद्भवतो, आणि तो दरवर्षी प्रत्येक ताफ्यात उद्भवतो. काझा हे स्पितीचे मुख्य गाव मनालीहून सुमारे २०० किलोमीटर असल्याचे नकाशा सांगतो, म्हणजे शिमल्याकडून पडणाऱ्या अंतराच्या निम्मेच, आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रोहतांग खिंडीखालून ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून हिवाळ्यातही मनालीहून पलीकडे जाता येते हेही खरे आहे. परंतु बोगदा उतरवतो लाहौल खोऱ्यात. लाहौल आणि स्पिती यांच्यामध्ये सुमारे ४,५५० मीटर उंचीची कुंझुम खिंड उभी आहे, तिच्याखालून बोगदा नाही, आणि ती हिवाळ्यात जी बंद होते ती उन्हाळा लागल्यावरच उघडते. लाहौल आणि स्पिती मिळून एकच जिल्हा असला तरी हिवाळ्यात त्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात जायचे तर अर्ध्या हिमाचलाला प्रदक्षिणा घालावी लागते. तांत्रिक सल्लागारांना हे मान्य होत नाही. "बोगदा झाला ना? मग खिंडीचा काय संबंध?" असे ते मनालीच्या दिशेने बोट करून विचारतात, आणि शेवटी एका ढाबेवाल्याने "कुंझुम? जून में आना, साहब" एवढेच म्हटल्यावर ताफा निमूटपणे सतलजच्या काठाला लागतो.

या मार्गाला एक इतिहास आहे. लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५० साली, तिबेटशी व्यापार व्हावा म्हणून जो 'हिंदुस्तान-तिबेट मार्ग' आखायला घेतला, त्याचाच वारसा आजचा किन्नौरचा रस्ता सांगतो, आणि कित्येक ठिकाणी तो उभ्या कड्यात खोदलेला असल्यामुळे डोक्यावर छतासारखा खडक आणि खाली शेकडो फुटांवर नदी अशी त्याची मांडणी आहे. चौथ्या गाडीतील दाम्पत्य हा भाग डोळे मिटून पार करते. यजमान गाडी चालवत असल्यामुळे त्यांना एकच डोळा मिटता येतो.

पहिला बर्फ नारकंड्याला दिसतो. तो रस्त्याकडेला ढिगाने सारलेला, धुराने काळवंडलेला आणि कुत्र्यांनी परिचित करून घेतलेला असतो, तरी चारही गाड्या थांबतात, पन्नाशीची माणसे एकमेकांवर गोळे फेकतात आणि तासाभरात प्रत्येकाचे हातमोजे ओले होऊन पुढच्या दोन दिवसांसाठी निकामी होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथे दांडा ओढला जातो. रस्ता कोरडा असतो, पण मुहूर्त चुकवायचा नसतो. येथे एक बाब स्पष्ट केली पाहिजे, की साध्या पद्धतीच्या फोर बाय फोर गाडीत दांडा ओढल्यावर पुढची व मागची चाके एकाच गतीने फिरण्यास बांधली जातात, आणि वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचे असते. बर्फावर किंवा चिखलात चाके थोडी घसरून हा हिशेब मिटवतात, परंतु कोरड्या डांबरावर तसे घडत नाही आणि सगळा ताण यंत्रणेत साठत जातो. ताफ्यातील दोन गाड्या याच अवस्थेत चाळीस किलोमीटर चालतात.

"गाडी जड का झालीय हो?" वॉकी-टॉकीवर पृच्छा होते. "वळताना कण्हतेय."

"उंचीमुळे होतं," तांत्रिक सल्लागार सांगतात.

यानंतर उंची हे सर्व प्रश्नांचे उत्तर ठरते. लाडू दगडासारखे झाले, उंची. मोबाइलची बॅटरी सत्तर टक्क्यांवरून थेट विझली, उंची. यादीकारांच्या घडीच्या फावड्याची घडी उलगडेना, तीही उंची. वस्तुतः तीनही प्रकार थंडीचे आहेत, परंतु थंडी सर्वांनाच वाजते आणि उंची फक्त जाणत्याला कळते, त्यामुळे सल्लागाराने उंचीच निवडावी हे स्वाभाविक आहे.

खाब नावाच्या ठिकाणी स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून रस्ता वेटोळे घेत सुमारे ३,६०० मीटरवरच्या नाको गावाकडे चढतो. नाकोला टायरमधील हवेवर परिसंवाद झडतो. तापमान दर पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील दाब साधारण एक पीएसआयने घटतो, या नियमाने पुण्याच्या उबेत भरलेले ३२ इथे २५ वर आले असले पाहिजेत असे यादीकार म्हणतात. उलट उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब कमी असल्यामुळे मापक सुमारे पाचने जास्त दाखवणार, तेव्हा काही हवा सोडलीच पाहिजे असे नेते म्हणतात. आणि दोघांचेही बरोबर असल्यामुळे वाद मिटण्याचे काही कारण उरत नाही. अर्ध्या तासाने कोणीतरी प्रत्यक्ष मापक लावतो तेव्हा तो ३० दाखवतो. तोवर पेल्यातला चहा कडेने धरू लागलेला असतो.

आता ज्या प्रसंगाकडे हे सर्व विवेचन सरकत होते तो येतो. डोंगरातील झरे दुपारच्या उन्हात रस्त्यावरून वाहतात आणि रात्री तिथेच गोठतात, त्यातून डांबरावर काचेसारखा पातळ थर तयार होतो, ज्याला 'ब्लॅक आइस' असे नाव आहे. तो काळा नसतो, पारदर्शक असतो, काळा दिसतो तो खालचा रस्ता, आणि म्हणूनच तो दिसत नाही. नाकोच्या पुढे, मलिंगच्या कुप्रसिद्ध नाल्याजवळच्या एका उतारावर नेत्यांची गाडी या थरावर येते आणि अत्यंत शांतपणे, जणू वऱ्हाडात नवरदेवाची घोडी तिरकी चालावी तशी, आडवी होऊन डोंगराकडच्या गटाराला टेकते. दुसरी गाडी तिला टाळण्यासाठी ब्रेक दाबते आणि तिच्याच शेजारी जाऊन विसावते. येथे फोर बाय फोरविषयीचे एक सत्य प्रकट होते, जे विक्रेत्याने सांगितलेले नसते असे नाही पण ऐकलेले नसते: चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघते चांगली, परंतु थांबण्याच्या बाबतीत तिला कोणताही विशेषाधिकार नाही, कारण चारही चाकांना ब्रेक हे बापड्या अल्टोलाही असतात.

मग साखळ्या निघतात. चाकाभोवती गुंडाळून बर्फात पकड मिळवून देणाऱ्या या साखळ्या घरी, अंगणात, सुक्या जमिनीवर दोनदा लावून पाहाव्यात असे त्यांच्यासोबतच्या पत्रकात छापलेले असते, आणि हे पत्रक उतारावर, उणे बारा अंशांत, प्लास्टिकच्या पिशवीतून प्रथमच बाहेर येते. ते चार भाषांत आहे, त्यात मराठी नाही. हातमोजे घालून कड्या अडकत नाहीत आणि काढून अडकवाव्यात तर बोटे लोखंडाला चिकटतात, या दोन पर्यायांत प्रत्येकजण काही वेळ घालवतो. सल्लागार व्हिडिओ आठवून सूचना देतात.

"आकडा आतून घ्या."

"आतून म्हणजे माझ्या आतून की चाकाच्या?"

"व्हिडिओत तो माणूस उलट्या बाजूला उभा होता," सल्लागार कबूल करतात.

पाऊण तासाने एक साखळी बसते. तीही सैल. तेवढ्यात वळणावर भोंगा वाजतो आणि रेकाँग पिओहून काझाला निघालेली सरकारी बस, म्हणजे हिमाचलची एसटी, मागच्या चाकांना साखळ्या बांधून खाली येते. तिची ताकद फक्त मागच्या दोन चाकांत असते, टपावर बटाट्याची पोती असतात, आत शाळामास्तर, लष्करी जवान, पोरे आणि मांडीवर कोंबडी घेतलेल्या एक आजीबाई असतात, आणि काचेवर कोणतेही स्टिकर नसते. चालक खाली उतरतो, दृश्याकडे पाहतो आणि साखळीला बुटाने स्पर्श करतो.

"उल्टी लगाई है, साहब."

त्यानंतर जे घडते त्यास बारा मिनिटे लागतात. वाहक डब्यातली राख आणि कडेची माती उतारावर पसरतो, प्रवासी विशेष काही घडत नसल्यासारखे उतरून गाड्यांना खांदा लावतात, चालक साखळ्या उलटून योग्य चाकांवर घट्ट करतो आणि ब्रेकला पाय न लावता पहिल्या गिअरमध्ये उतरायला सांगतो. "गाडी अच्छी है," जाताना तो म्हणतो, आणि हे वाक्य नेते पुढे अनेक वर्षे उद्धृत करणार असतात, मात्र त्यातील अध्याहृत उत्तरार्ध वगळून. आजीबाई खिडकीतून हात हलवून "जुले" म्हणतात. जुले हा स्पिती-लडाखकडचा शब्द नमस्कार, आभार आणि निरोप या तिन्ही कामी येतो. या प्रसंगी त्यात चौथी छटा असावी असे चौथ्या गाडीतील बाईंचे मत आहे.

ताबोला मुक्काम पडतो. तेथील मठ इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला, त्याच्या मातीच्या भिंतींआड हजार वर्षांची चित्रे आहेत आणि आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, त्यामुळे ताफा सात मिनिटांत बाहेर येतो. रात्री गाड्या लावताना यादीकार ड्रायव्हिंग स्कूलच्या शिकवणीप्रमाणे हँडब्रेक खेचतात. अति थंडीत असे करायचे नसते, कारण चाकाशी अडकलेले पाणी गोठून ब्रेक आवळलेलाच राहतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावायचा असतो. सकाळी त्यांची गाडी पुढे जाण्याचा प्रयत्न करते तेव्हा मागची चाके फिरण्याऐवजी घसरगुंडी खेळतात. दुसऱ्या दोन गाड्यांना तो प्रश्न येत नाही, कारण त्या सुरूच होत नाहीत.

या ठिकाणी थिजणे या मराठी क्रियापदाचा विचार करणे आवश्यक आहे. पाणी गोठते, दूध विरजते, पण तेल-तूप थिजते, आणि हा भेद ज्या भाषेने केला तिच्या भाषकांना डिझेलचे वागणे सहज कळायला हवे होते. डिझेलमध्ये मेणासारखे घटक विरघळलेले असतात. कडाक्याच्या थंडीत त्यांचे स्फटिक होतात, ते गाळणीत अडकतात आणि इंजिनाचा घसा बसतो, नेमके तसेच जसे खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली बाटलीच्या तोंडाशी पांढरे होऊन बसते. अशा थंडीसाठी वेगळे डिझेल असते. इंडियन ऑइलने लडाखसाठी २०१९ साली आणलेले हिवाळी डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. परंतु ताफ्याने खाली रामपूरला, वर महाग पडेल या दूरदृष्टीने, साध्या डिझेलच्या टाक्या काठोकाठ भरून घेतलेल्या असतात. सल्लागार इन्व्हर्टरवर केस वाळवण्याचे यंत्र लावून गाळणी शेकण्याचा प्रयोग करतात, आणि शून्याखाली अठरा अंशांना आधीच निम्मी ताकद गमावलेली बॅटरी त्यात उरलेलीही गमावते. शेवटी घरमालकाचा मुलगा पत्र्याच्या डब्यात निखारे आणून टाकीखाली सरकवतो.

"अहो, टाकीखाली विस्तव?" चौथ्या गाडीतील बाई किंचाळतात.

"ट्रकवाले रोज करते हैं," तो म्हणतो आणि चहा आणायला जातो.

पुण्यात डिसेंबरात याच बाई खोबरेल तेलाची बाटली गरम पाण्याच्या वाटीत उभी करतात. निखारे ही त्याच उपायाची मोठी आवृत्ती असल्याचे त्यांच्या यजमानांनी निदर्शनास आणून दिल्यावर दाम्पत्यात दिवसभर संवाद होत नाही. (टाकीखाली विस्तव ठेवणे हे जाणत्यांचे काम आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून पाहू नये.)

गाड्या सुरू होण्याची वाट पाहत उभे असताना शेजारून एक जुनी अल्टो जाते. तिच्यात पुढे नवराबायको, मागे तीन मुले आणि एक गॅसचे सिलिंडर असते, पुढच्या चाकांना दोरखंडाचे वेढे दिलेले असतात आणि चालवणारा एका हाताने फोनवर बोलत असतो. याविषयी ताफ्यात कोणीही कोणाशी बोलत नाही.

काझा सुमारे ३,७०० मीटरवर आहे आणि तिथल्या हवेत समुद्रसपाटीच्या मानाने दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो, म्हणून तिथे पोहोचल्यावर एक दिवस काहीही न करता पडून राहावे असा नियम आहे, ज्याला 'शरीर मुरवणे' म्हणता येईल, लोणच्यासारखे. सल्लागार हा दिवस बॅगा वर-खाली करण्यात घालवतात आणि संध्याकाळी त्यांचे डोके ठणकू लागते, मळमळते, जिना चढवत नाही. यावेळी कारण खरोखर उंची असते.

"कालचा राजमा बाधला," ते सांगतात.

घरगुती मुक्कामात खोलीच्या मध्यभागी लोखंडी शेगडी असते, तिला तिथे तंदूर म्हणतात, धुराचे नळकांडे छतातून बाहेर जाते आणि सारे घर हिवाळाभर त्या एका खोलीत राहते. बाकीच्या खोल्या पाहुण्यांसाठी असतात. हजारो रुपयांच्या जॅकेटांसह ताफा आपल्या खोल्यांकडे पाठ फिरवून त्या शेगडीभोवती बसतो आणि मग एका विलक्षण उद्योगाला लागतो: ज्या सोयी सोडून तो सव्वादोन हजार किलोमीटर आला, त्या सर्व सोयी तिथे उभ्या करण्याच्या. पोहे करायचे ठरते, कांदा गोठून खडा झालेला असतो. वरणासाठी तूरडाळ शिजत ठेवली जाते, पण या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागत असल्यामुळे उघड्या भांड्यात ती तीन तास नुसती नाचते. आंघोळीसाठी गरम पाण्याची विचारणा होते, तेव्हा मालकीणबाई प्रथम आजारी कोण आहे असे विचारतात. नळ गोठलेले असल्याने शौचालय कोरड्या पद्धतीचे असते, म्हणजे वरच्या मजल्यावर जमिनीत एक भोक आणि शेजारी मातीचा ढीग, फावड्यासह. खाली जमणाऱ्या साठ्याचे खत होऊन ते वसंतात शेतात जाते, ही व्यवस्था पर्यावरणदृष्ट्या आदर्श आहे आणि पहाटे पाच वाजता उणे बावीस अंशांत तिचा आदर्शपणा खालून येणाऱ्या वाऱ्याच्या रूपाने थेट जाणवतो. यादीकारांच्या घडीच्या फावड्याची घडी येथे प्रथम उलगडते.

मालकीणबाई लोणी-मिठाचा चहा आणि भाजलेल्या जवाचे पीठ पुढे करतात. पीठ ओळखीचे निघते. "अगदी आपलं सातूचं पीठ!" अशी आरोळी होते आणि त्यात गूळ नसल्याबद्दल हळहळ व्यक्त होते.

"इतनी ठंड में आप लोग क्यों आए?" बाई सरळ विचारतात. ज्यांना शक्य आहे ती खोऱ्यातली माणसे हिवाळ्यात खाली उतरतात, त्यांची बहीणही रामपूरला गेली आहे, असे त्या सांगतात.

नेते थोडा विचार करतात. "ठंड देखने."

"देख ली?"

"देख ली."

"फिर?"

पुढील चार दिवसांत ताफा की मठाच्या पायथ्याशी एक गाडी, लांग्झाच्या चढावर दुसरी आणि किब्बरच्या वाटेवर चौथी अशा क्रमाने रुतवतो, आणि दर वेळी कोणी ना कोणी फावडे घेऊन येतो. एकदा तो सुमारे बारा वर्षांचा मुलगा असतो. किब्बरला हिमबिबट्या पाहायला जगभरातून माणसे येतात. ताफ्याला दुर्बिणीतून पिवळसर, झुपकेदार शेपटीचे काहीतरी कड्यावर दिसते, सर्व श्वास रोखतात, आणि ते भुंकते.

परतीच्या प्रवासात वर्णनाची घडण सुरू होते. चंडीगडपर्यंत तापमान उणे बावीसच असते, जयपूरला ते उणे सव्वीस होते आणि पुण्यात सोसायटीच्या फाटकातून गाडी आत येईपर्यंत उणे बत्तीसवर स्थिरावते. बसचा उल्लेख उदयपूरपर्यंत 'एक बसपण होती' असा असतो, वापीनंतर तो गळून जातो. अल्टो राजस्थानात शिरतही नाही. साखळ्या 'आम्ही लावल्या' या वाक्यात कर्ता बदलतो, गाडी आडवी झाली ती 'मुद्दाम डोंगराकडे घातली' होते, आणि निखाऱ्यांचा डबा ही तांत्रिक सल्लागारांची सूचना ठरते. चौथ्या गाडीतील दाम्पत्य यापैकी कशालाही दुजोरा देत नाही आणि एप्रिलमध्ये केरळला जाते.

मार्च महिन्यात, रविवारी सकाळी, नेते पार्किंगमध्ये शेजाऱ्यांना तो दांडा दाखवत असताना त्यांची सहावीतली मुलगी मागच्या काचेवरचे स्टिकर वाचत उभी राहते.

"बाबा, याचं उत्तर उणे चार येतं."

"कशाचं?"

"चार गुणिले चार सोळा, वजा वीस. उणे चार." आणि मग ती बाकीच्या तीन गाड्यांची नावे घेऊन बोटांवर मोजते. "तुमच्या चारही गाड्या लोकांनीच काढल्या ना? आई सांगत होती."

स्टिकर अजून काचेवर आहे. मात्र गाडी आता मागची बाजू भिंतीकडे करून लावली जाते.